पालाश, झिरा आणि दुसरं दार



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्यंतरी दोघा-तिघांनी फोन करून विचारलं, "काकू, लिहिणं बंद केलं का?" बंद नाही केलं. पण ज्या विषयात गुंतले होते तो विषय माझा नव्हता. मी मराठी माध्यमातली बी.ए. झालेली बाई. चौतीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. विज्ञानाच्या तासाला वर्गाबाहेरून जाताना प्रयोगशाळेचा वास यायचा, तेवढीच माझी विज्ञानाशी ओळख. आणि आज लिहिणार आहे जिवाणूंच्या पोटात पोटॅशियम कसं शिरतं याच्या इतिहासावर! हसू नका. आधी कारण सांगते.

गेल्या वर्षी मृगाच्या सुमारास ह्यांना जुलाब-उलट्या सुरू झाल्या. दोन दिवस घरगुती उपाय केले. साखरपाणी, डाळिंबाचा रस, भाताची पेज. जुलाब थांबले, आम्हाला वाटलं झालं बरं. तिसऱ्या दिवशी सकाळी हे न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी उभे राहिले आणि पाय उचलेना. वेदना नाही, काही नाही. पाय नुसता उचलतच नव्हता. गाडी करून यवतमाळला नेलं. रक्त तपासलं. तरुण डॉक्टर होता, त्याने कागद दाखवला. पोटॅशियम २.४. साडेतीन ते पाच असायला हवं.

"मग लवकर द्या ना बापा," मी म्हटलं.

तो म्हणाला, "आजी, हे घाईनं देता येत नाही. एकदम दिलं तर हृदय बंद पडतं. थेंब थेंबच द्यावं लागेल."

रात्रभर त्या नळीतला थेंब मोजत बसले. काय आहे हे, जे कमी झालं तर पाय उचलत नाही, आणि घाईनं दिलं तर माणूस जातो? आमची नात सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करते. तिला फोनवर हेच विचारलं. ती म्हणाली, "आजी, शरीरातलं जवळजवळ सगळं पोटॅशियम पेशींच्या आत असतं, रक्तात असतं ते अगदी चिमूटभर. आणि हे फक्त आबांचंच नाही. साध्या जिवाणूलाही ते आत साठवून धरावं लागतं. ते कसं धरतो, हे शोधायला माणसांना पन्नास-साठ वर्षं लागली."

इतिहासाच्या शिक्षिकेला "साठ वर्षं लागली" असं कुणी म्हटलं की पुढची गोष्ट ऐकल्याशिवाय राहवत नाही. हे घरी आले, हिंडू-फिरू लागले (आता ठणठणीत आहेत, काळजी नको), आणि मी वही घेऊन बसले. नात सांगत गेली, मी लिहीत गेले.

सुरुवात आपल्या ओळखीच्या शब्दापासून करू. खताच्या पोत्यावर आपले कास्तकार वाचतात ना, नत्र, स्फुरद, पालाश? त्यातला पालाश म्हणजे पोटॅशियम. मला तो शब्द वाचला की फाल्गुनात आर्णी-दिग्रस रस्त्याला पेटलेला पळस दिसतो, कारण संस्कृतात पलाश म्हणजे पळसच. आयुर्वेदात पळस जाळून, राख पाण्यात कालवून, गाळून, ते पाणी आटवून क्षार काढतात. गंमत म्हणजे इंग्रजीतला पोटॅश हा शब्दही तसाच, भांडं आणि राख या दोन शब्दांचा जोड. १८०७ साली इंग्लंडात हम्फ्री डेव्हीने या पोटॅशमधून वीज सोडून एक चकचकीत मऊ धातू वेगळा केला, त्याला पोटॅशियम नाव दिलं. रसायनाच्या पुस्तकात त्याची खूण 'के' आहे, तीही कॅलियमची, आणि कॅलियम आला अरबीतल्या राखेच्या शब्दावरून. म्हणजे कुठूनही गेलं तरी शेवटी चुलीपाशीच! आम्ही लहानपणी ज्या राखेनं भांडी घासली, तिच्यात हेच होतं.

१८८० च्या दशकात लंडनच्या सिडनी रिंगर या डॉक्टरने बेडकाचं हृदय शरीराबाहेर काढून क्षाराच्या पाण्यात धडधडतं ठेवलं. त्या पाण्यात सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांचं प्रमाण नेमकं लागतं, जरा इकडे-तिकडे झालं की हृदय थांबतं, हे त्याने दाखवलं. यवतमाळचा डॉक्टर मला जे सांगत होता त्याची मुळं इथपर्यंत जातात.

पण हृदय ही मोठी गोष्ट झाली. एका पेशीच्या जिवाणूचं काय? १९६१ साली अमेरिकेत हार्वर्डमध्ये स्टॅन्ली शुल्ट्झ आणि आर्थर सॉलोमन यांनी ई. कोलाय या जिवाणूत सोडियम-पोटॅशियमची ये-जा मोजली. ई. कोलाय म्हणजे आपल्या आतड्यात राहणारा, लांबीला मिलिमीटरचा पाचशेवा भाग. हा जीव बाहेरचं सोडियम बाहेर ठेवतो आणि पोटॅशियम आत भरून घेतो. पुढे १९६५ मध्ये शुल्ट्झ आणि वोल्फगांग एपस्टाइन यांनी दाखवलं की बाहेरचं पाणी जितकं खारट, तितकं हा जिवाणू आत जास्त पोटॅशियम साठवतो.

का साठवतो? हे समजायला विज्ञान लागत नाही, लोणचं लागतं. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की सकाळी पातेल्यात पाणी सुटलेलं असतं आणि फोडी मलूल होतात. बाहेर खार जास्त झाला की आतलं पाणी बाहेर धावतं. जिवाणूचंही तसंच होतं, पण फोड मेलेली आणि जिवाणू जिवंत. तो झटपट पोटॅशियम आत ओढतो. आत क्षार वाढला की पाणी परत येतं, पेशी पुन्हा टरारून फुगते. फुगलेली राहिली तरच ती वाढते. पोटॅशियम म्हणजे त्याचं पाणी धरून ठेवायचं साधन.

(याच शुल्ट्झची आणखी एक गोष्ट. १९६४ मध्ये त्याने झालुस्की नावाच्या सहकाऱ्याबरोबर सशाच्या आतड्यावर प्रयोग केले. साखर आणि सोडियम आतड्यातून एकमेकांचा हात धरून आत जातात, हे त्यातून दिसलं. साखर-मिठाचं पाणी जुलाबात जीव वाचवतं त्यामागचं हेच शास्त्र. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याची साथ असताना दिलीप महालनबीस यांनी ते पाणी हजारो लोकांना पाजलं आणि ते जगाला पटलं. आज ओआरएसच्या पुडीत एक लिटरला दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइडही असतं. आम्ही ह्यांना दोन दिवस साखरपाणी देत बसलो, आठ कोसांवर नव्हे, कोपऱ्यावरच्या दुकानात पुडी होती. ही माझी चूक. तुम्ही करू नका, म्हणून लिहिते.)

असो. तर पोटॅशियम आत जातं कुठून? पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचं पातळ पटल असतं, त्यातून क्षार आपोआप जात नाही. दार हवं. ते दार शोधायची एपस्टाइनची रीत मला फार आवडली. शिकागोच्या विद्यापीठात त्याने जिवाणूंमध्ये बिघाड करून पाहिले. साधा ई. कोलाय पोटॅशियम नावालाच असलेल्या पाण्यातही वाढतो. एपस्टाइनने असे जिवाणू वेगळे काढले जे अशा पाण्यात वाढत नाहीत, जरा जास्त पोटॅशियम दिलं तर वाढतात. म्हणजे त्यांचं एक दार मोडलं होतं. पण जास्त दिल्यावर वाढले, त्या अर्थी दुसरं दार शाबूत होतं! १९७० ते १९७६ या वर्षांत एक-एक दार मोडत, उरलेलं शोधत, या मंडळींनी पेशीचा सगळा वाडा उलगडला.

दारं निघाली तीन प्रकारची. ट्रक, कप आणि केडीपी. नावं विचित्र आहेत, पण केडीपीचं नाव त्या बिघडलेल्या जिवाणूंवरूनच पडलं, "पोटॅशियमवर अवलंबून" अशा अर्थाचं. ट्रक आणि कप ही रोजची दारं, कायम तयार असलेली. बाहेर बऱ्यापैकी पोटॅशियम असेल तर त्यांच्यावर भागतं. केडीपी मात्र एरवी नसतंच. बाहेरचं पोटॅशियम संपत आलं, रोजच्या दारांनी भागेना, की पेशी हे दार नव्याने घडवते. आणि ते साधं दार नाही, पंप आहे. पेशीची ऊर्जा जाळून चालतो.

त्याची ओढ किती असावी? ओआरएसच्या पाण्यात जेवढं पोटॅशियम असतं, त्याच्या दहा हजाराव्या भागाइतकंच पाण्यात असलं, म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅमचा दहावा भागही नाही, तरी हा पंप निम्म्या वेगाने चालू असतो.

हे ऐकलं आणि मला एकदम १९७२ आठवलं.

त्या वर्षी मी बी.ए.ला होते. सुटीत गावी आले तर घरात रेशनची लाल मिलो, आणि विहिरीच्या तळाशी चिखल. एरवी आमची आई विहिरीवर जायची, दोर सोडायची, बादली भरून यायची. दुष्काळात आम्ही बायका अरुणावतीच्या कोरड्या पात्रात जाऊन वाळू उकरायचो. हात-दीड हात खोल झिरा. त्यात पाणी पाझरायची वाट बघायची, आणि वाटीने घागर भरायची. एका घागरीला तास जायचा. त्या तासाभरात जेवढी भाकरी पचायची तेवढं पाणी मिळायचं की नाही, देव जाणे. पण तेच पाणी जगवायचं. विहीर भरलेली असताना कुणी झिरा खणेल का? वेडं म्हणतील. आणि विहीर आटल्यावर जो खणणार नाही तो जगेल का?

केडीपी म्हणजे जिवाणूचा झिरा. नातीला सांगितलं तर ती म्हणाली, "आजी, हे मी परीक्षेत लिहू का?"

आता मला वाटत होतं, हे सगळं परदेशातलंच असणार. तेव्हा नातीने एक लेख छापून आणून दिला. बंगळूरहून निघणाऱ्या 'जर्नल ऑफ बायोसायन्सेस'मधला, २००७ सालचा. लेखक आनंद बल्लाळ, भक्ती बसू आणि श्री कुमार आपटे. पत्ता भाभा अणुसंशोधन केंद्र, तुर्भे, मुंबई!

तुर्भ्याचं नाव आपल्याकडे शेतकऱ्याला नवं नाही. टॅग-२४ हा भुईमूग आठवतो? त्यातला टी म्हणजे ट्रॉम्बे, ए म्हणजे अकोला. भाभा केंद्र आणि अकोल्याचं आपलं कृषी विद्यापीठ यांनी मिळून केलेला. अणूच्या केंद्रात शेतीवरही काम चालतं हे त्यामुळे माहीत होतं. जिवाणूंच्या दारांवरही चालतं, हे माहीत नव्हतं.

आपटे यांचं काम ॲनाबिना या नील-हरित जिवाणूवर. पूर्वी आपण त्याला शेवाळ म्हणायचो. भाताच्या बांधीत पाण्यावर हिरवट तवंग येतो, त्यात हे असतं. सूक्ष्मदर्शकाखाली मण्यांच्या माळेसारखं दिसतं, आणि हवेतलं नत्र जमिनीला देतं. १९८० च्या दशकात आपटे आणि जोसेफ थॉमस यांनी दोन जाती शेजारी ठेवून पाहिल्या. एक मचूळ पाण्यातली, ॲनाबिना टोरुलोसा, खार सोसणारी. दुसरी गोड्या पाण्यातली, एल-३१, खार न सोसणारी. फरक कशात? जी सोसते ती सोडियमला आत येऊच देत नाही. १९९७ मध्ये या दोघांनी खाऱ्या झालेल्या किनारी जमिनी अशा जिवाणूंच्या मदतीने सुधारता येतील का, यावरही लिहिलं. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात ज्यांचे नातेवाईक आहेत त्यांना या प्रश्नाचं मोल सांगायला नको.

सोडियमला दार बंद करणं झालं, मग पोटॅशियमला उघडणं कसं? २००१ पासून त्यांच्या गटाने ॲनाबिनातल्या केडीपीचा माग काढला. आणि सापडलं काय, तर एल-३१ मध्ये केडीपीचे एक नाही, दोन संच आहेत. पहिला आणि दुसरा. त्यातला दुसरा संच जागा होतो तो दोन वेळी. पोटॅशियम संपलं तेव्हा, आणि दुसरं म्हणजे पेशी वाळायला लागली तेव्हा!

हे वाक्य मी दोनदा वाचलं. भाताची बांधी सुकते, तवंग तडकतो, माळेतले मणी कोरडे पडू लागतात, आणि त्या वेळी हा जीव आपला राखीव झिरा खणायला घेतो.

आणखी एक गोष्ट त्यांना दिसली. ई. कोलायमध्ये केडीपी केव्हा घडवायचं हे दोन प्रथिनं मिळून ठरवतात. एक पटलात बसून टंचाईचा अंदाज घेणारं, जणू कोतवाल. दुसरं आत जाऊन जनुकाला हुकूम देणारं, जणू पाटील. ॲनाबिनात कोतवाल अर्धाच आहे, त्याचा निम्मा भाग मुळात नाही. आणि नेहमीचा पाटील तर नाहीच. मग हा अर्धा कोतवाल कामाचा तरी आहे का? जर्मनीत ओस्नाब्रुक इथे कार्लहाइन्झ आल्टेनडॉर्फ हे केडीपीवर आयुष्यभर काम केलेले संशोधक. त्यांच्या प्रयोगशाळेबरोबर बल्लाळ यांनी ॲनाबिनाचा तो तुकडा ई. कोलायच्या उरलेल्या अर्ध्याला जोडला. २००२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. जोडलेलं प्रथिन ई. कोलायमध्ये टंचाई ओळखू लागलं! तांदळाच्या बांधीतल्या आणि आतड्यातल्या या दोन जीवांची ताटातूट होऊन किती काळ लोटला असेल, तरी टंचाई ओळखायची त्यांची रीत एकमेकांना कळली.

ओस्नाब्रुकवरून आठवलं. १९९५ मध्ये त्याच गावी हिल्डगुंड श्रेम्फ यांच्या गटाला मातीतल्या एका जिवाणूत पोटॅशियमची साधी वाहिनी मिळाली. पंप नाही, नुसती नळी. १९९८ मध्ये अमेरिकेत रॉडरिक मॅकिनन यांनी तिची रचना अणू-अणू दिसेल इतकी स्पष्ट केली, आणि २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. जुना प्रश्न असा होता की सोडियमचा आयन पोटॅशियमपेक्षा लहान. मग मोठा जातो त्या दारातून लहान का जात नाही? उत्तर असं निघालं की आयन पाण्यात असताना पाण्याचे रेणू त्याला बिलगलेले असतात. दारात शिरताना ते सोडावे लागतात. पोटॅशियमला दाराच्या कडेचे ऑक्सिजन अणू पाण्यासारखंच नेमकं कवेत घेतात. सोडियम लहान, त्याला ती कवेची जागा सैल पडते, मग तो पाणी सोडायला तयारच होत नाही. बाहेरच राहतो.

२०१७ मध्ये केडीपीचीही रचना उलगडली. त्याचा एक भाग अशा वाहिनीसारखा, पारखून घेणारा. दुसरा भाग पंपासारखा, ऊर्जा जाळून ढकलणारा. आणि २०२० मध्ये कळलं की बाहेर पोटॅशियम पुन्हा भरपूर झालं की पेशी या पंपावर एका विशिष्ट जागी फॉस्फेटची खूण चिकटवून त्याला कुलूप लावते. पूर आला की झिरा बुजवला. उगाच ऊर्जा जाळायची नाही.

मंडळी, मी यातली रसायनं विसरेन. वय झालं. पण एक गोष्ट राहील. हा एवढासा जीव एका दारावर कधी जगत नाही. बरे दिवस असताना राखीव दार उघडत नाही, पण ते कसं घडवायचं ही विद्या मात्र टाकून देत नाही. पिढ्यान्‌पिढ्या सांभाळून ठेवतो.

आमच्या लहानपणी वावरात कापूस असायचा, पण धुऱ्याच्या आत ज्वारी, तूर, मूग, तिळाच्या चार ओळी असायच्या. गोठ्यात दोन गायी, अंगणात शेवगा, माळ्यावर मोहाची फुलं. कापूस बुडाला तर घर बुडत नव्हतं, कसंबसं तरायचं. माझ्या वर्गात बसलेली काही मुलं पुढे कास्तकार झाली. त्यातल्या दोघांच्या घरी मी शेवटचं भेटायला गेले ते अंगणातल्या गर्दीतून वाट काढत. त्यांची नावं लिहिणार नाही. आपल्या जिल्ह्यात असं सांगावं लागत नाही, सगळ्यांना कळतं. दोन्ही घरी नुसता कापूस होता. कर्ज, भाव, पाऊस, कारणं पुष्कळ, आणि ती माझ्यासारखीनं दोन ओळींत सांगू नयेत. पण त्या दिवशी मनात आलं होतं की या पोरांना दुसरं दार कुणी ठेवलंच नाही. आणि ती विद्या त्यांना शिकवायची राहिली, त्यात मीही होते. मी त्यांना पानिपतच्या तारखा पाठ करायला लावल्या, १९७२ चा झिरा कधी सांगितला नाही.

परवा हे सकाळी वावरापर्यंत चालत गेले आणि परत आले. न्हाणीच्या उंबऱ्यावर पाय सहज उचलला. मी काही बोलले नाही, नुसतं बघितलं. स्वयंपाकघराच्या फडताळात आता ओआरएसच्या चार पुड्या ठेवल्या आहेत. हे हसतात. हसू देत.

तुमच्याकडे १९७२ च्या काय आठवणी आहेत? तुमच्या घरच्यांनी तेव्हा कोणतं दुसरं दार उघडलं होतं? जरूर लिहा. आणि नातवंडांनाही सांगा.

लोभ आहेच, तो वाढावा.